आगकाडीवर उभे राहिलेले डोके : खेळण्यातल्या सैनिकांच्या कायापालटाचा इतिहास

(दीर्घ थ्रेड)

शिशाच्या जुन्या खेळण्यातल्या सैनिकांचा संग्रह कुठे पाहायला मिळाला, तर सर्वप्रथम त्यांच्या माना पाहाव्यात. गणवेशाचा रंग, हातातली बंदूक, घोड्याचा डौल हे सगळे नंतर. बारकाईने पाहिले की काही मानांभोवती केसाएवढी भेग दिसते. त्या भेगेच्या आत बहुधा आगकाडीचा तुकडा असतो. कधीकाळी एखाद्या मुलाच्या हातून सैनिक पडला, डोके तुटले, आणि त्या मुलाने धडात अर्धी काडी खोचून तिच्यावर डोके पुन्हा बसवले. ते डोके त्याच सैनिकाचे असेल, असे मात्र नाही.

खेळण्यांच्या इतिहासाची साधने म्हणून कंपन्यांच्या सूचिपुस्तिका, पेट्यांवरच्या चिठ्ठ्या, साचे आणि जाहिराती जपल्या गेल्या. विकत घेणाऱ्याने त्या खेळण्याचे पुढे काय केले, याची नोंद कुणी ठेवली नाही. ती नोंद या मानेत आहे. ज्याला हौशी मंडळी ‘कन्व्हर्जन’ म्हणतात, म्हणजे तयार पुतळी कापून, जोडून, पुन्हा रंगवून तिच्यातून भलतीच पुतळी घडवणे, त्या कलेचा हा इतिहास एका काटकसरीच्या युक्तीपासून सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील खेळण्यातले सैनिक मुख्यतः दोन प्रकारचे होते. न्यूरेंबर्गचे चपटे, कथलाचे सैनिक. आणि फ्रान्स-जर्मनीतले भरीव सैनिक. भरीव सैनिक दिसायला देखणा, पण धातू जास्त लागे, वजन जास्त आणि किंमतही जास्त. १८९३ साली लंडनमध्ये विल्यम ब्रिटन (धाकटे) यांनी यावर तोड काढली. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस साच्यात ओतायचा. साच्याच्या भिंतींना लागलेला थर घट्ट होताच साचा झटक्यात उलटा करून आतला अजून पातळ असलेला रस बाहेर काढून टाकायचा. उरते ते केवळ कवच, आतून पोकळ. धातू वाचला, वजन घटले, आणि एका शिलिंगात आठ पायदळ शिपायांची पेटी विकणे परवडू लागले. जर्मन मालाची इंग्लंडमधली सद्दी या पोकळ सैनिकांनी मोडून काढली.

या युक्तीचा एक परिणाम कारखान्यात कुणाच्या ध्यानीमनी नसावा. भरीव सैनिकाचे डोके तुटले की तुटले. पोकळ सैनिकाचे डोके तुटले की धडात एक भोक तयार मिळते, आणि डोक्यातही. दोन्ही भोकांत आगकाडी बसते. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्याचा भाला मोडला, तर त्याच्या मुठीत खराट्याची काडी खोचणारे हात महाराष्ट्रात घरोघरी आहेत. त्यांना ही खटपट वेगळी समजावून सांगायला नको. पण डोक्याची गोष्ट भाल्यापेक्षा निराळी ठरली. डोके बदलले की पलटण बदलते. अस्वलाच्या केसांच्या उंच टोपीचे डोके काढून शिरस्त्राणाचे डोके लावले, लाल अंगरख्यावर निळा रंग चढवला, की पेटीत नसलेला सैनिक हातात येतो.

कारखान्यालाही हे गुपित ठाऊक होते. ब्रिटन्सच्या सूचीत डझनावारी पलटणी दिसतात, पण प्रत्येकीसाठी स्वतंत्र मूर्तिकाम होत नसे. तेच धड, निराळे डोके, निराळा रंग. झाली नवी पलटण. त्यातही रंगकामाचा मोठा भाग उत्तर लंडनमधल्या स्त्रिया घरी बसून, नगावर मिळणाऱ्या मजुरीत करत. त्यांची नावे पेटीवर कधीच आली नाहीत. ज्याला आज संग्राहक ‘मूळ रंग’ म्हणून जपतात, तोही असा कुणा अनामिक हाताचाच आहे, हे लक्षात ठेवलेले बरे. पुढे हा मुद्दा उपयोगी पडणार आहे.

सूचीत काय होते आणि काय नव्हते, हा प्रश्न दिसतो तितका निरागस नाही. विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या १९३० सालच्या आत्मचरित्रात बालपणीच्या सैनिकांविषयी लिहिले आहे. त्यांच्याकडे सुमारे १५०० सैनिक होते, सगळे ब्रिटिश. शत्रुपक्षाचे सेनापतिपद धाकट्या भावाकडे, जॅककडे होते. त्याच्यावर ‘शस्त्रमर्यादेचा तह’ लादलेला होता : त्याने फक्त गौरेतर सैनिक वापरायचे आणि तोफा अजिबात ठेवायच्या नाहीत. चर्चिल हे सारे विनोदाने सांगतात. वाचणाऱ्या भारतीयाला त्यातला विनोद जरा उशिरा कळतो.

ब्रिटन्सच्या पेट्यांत पुढे हिंदुस्थानी फौजाही आल्या. बॉम्बे लान्सर्सचे घोडेस्वार आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचे शिपाई लंडनच्या दुकानांत मिळू लागले. मुंबई इलाख्याचे नाव मिरवणारे हे सैनिक उत्तर लंडनमध्ये ओतले आणि रंगवले जात होते. त्यांच्या रांगेतल्या बऱ्याच फौजा साम्राज्याच्या चाकरीतल्या, नाहीतर साम्राज्याने रणांगणावर गाठलेल्या होत्या. मुलाच्या फरशीवर कोणते जग उभे राहणार, हे पेटी विकत घेण्यापूर्वीच ठरलेले असे.

याविरुद्ध पहिली जाहीर कुरकुर बहुधा एच. जी. वेल्स यांची. ‘टाइम मशीन’चा हा लेखक आपल्या मुलांबरोबर तासन्‌तास फरशीवर खेळत असे. १९११ सालच्या ‘फ्लोअर गेम्स’ या पुस्तकात त्यांनी दुकानदारांविषयी तक्रार मांडली : सैनिक हवे तेवढे मिळतात, पण साधी नागरी माणसे मिळत नाहीत, शहर वसवायचे तर त्यात राहायला कोण? १९१३ साली आलेल्या ‘लिटल वॉर्स’मध्ये त्यांनी लाकडी गोळी फेकणाऱ्या खेळण्यातल्या तोफेभोवती युद्धखेळाचे नियमच रचले. घरे लाकडी ठोकळ्यांची, मुलूख हाताने उभा केलेला. युद्धाचा तिरस्कार करणाऱ्या माणसाने लिहिलेले हे युद्धखेळाचे पुस्तक. आणि पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध पेटले. ते संपल्यावर सैनिकांचा खप मंदावला. ब्रिटन्सने मग शेतकरी, गाई, कोंबड्या, कुंपणे यांची ‘होम फार्म’ मालिका बाजारात आणली. वेल्स यांना हवे असलेले नागरिक मिळाले, पण मध्ये एवढा संहार व्हावा लागला.

१९३५ मध्ये लंडनमध्ये ‘ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी’ स्थापन झाली आणि काडी खोचणारे हात मोठे झाले. प्रौढ माणसे आता उघडपणे एकत्र येऊन हे काम करू लागली. तुटलेले सांधण्याची मुलांची गरज मागे पडली. आता अचूकता हवी होती. १८१५ सालच्या अमुक पलटणीच्या बाहीला किती बटणे, छातीवरचा पट्टा कोणत्या खांद्यावरून जातो, याचा शोध ग्रंथालयात घ्यायचा आणि मग सुरी उचलायची.

या मंडळींची कार्यपद्धती पाहण्याजोगी होती. दुकानात मिळणारा सामान्य सैनिक घ्यायचा. बारीक करवतीने मान कापायची. हात हवा त्या कोनात येण्यासाठी काखेत पाचर कापून धातू हलक्या हाताने वाकवायचा. शिसे मऊ असते, पण एकदाच वाकते, दुसऱ्या खेपेला तुटते. टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा पत्रा कापून पट्टे, घोड्याच्या खोगिराखालची झूल किंवा अंगावरचा झगा करायचा. टाचणीची तलवार, तारेचा लगाम. फटी भरायला डाग देण्याचे कथील, नाहीतर लाकडाचा लगदा. शेवटी वर रंग असा चढवायचा की यातले काहीच ओळखू येऊ नये. हे सगळे ५४ मिलिमीटर उंचीच्या पुतळीवर. हिंदीतला ‘जुगाड’ आणि मराठीतला ‘जोडकाम’ हे शब्द इथे अपुरे पडतात, कारण या कामाच्या मुळाशी संशोधन होते. गणवेशांविषयीचे पुष्कळसे ज्ञान अशाच हौशी लोकांनी, विद्यापीठांच्या बाहेर, जमवले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी नाक मुरडण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

मग माध्यम बदलले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिक आले. शिशाच्या विषारीपणाची जाणीव वाढली आणि १९६६ मध्ये ब्रिटन्सने शिशाचे सैनिक ओतणे थांबवले. तत्पूर्वीच, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, त्यांच्या ‘स्वॉपेट्स’ नावाच्या प्लॅस्टिकच्या पुतळ्या आल्या होत्या. त्यांची डोकी, कंबरेवरची धडे आणि शस्त्रे मुळातच सुटी होती; एकाचे डोके दुसऱ्याला लागे. आगकाडीने जे केले होते, ते कारखान्याने आता खुंटी आणि खोबणीने करून विकायला काढले. मुलांची खोडी हा आता मालाचा गुण झाला.

मात्र तरुण हौशींच्या खिशाला परवडले ते एअरफिक्स. १९५९ पासून या कंपनीने बोटाच्या दोन पेरांपेक्षाही लहान, मऊ पॉलिथिनचे सैनिक पेटीतून विकायला आरंभ केला. संख्या भरपूर, किंमत किरकोळ. पण विषय मोजके. नेपोलियनची युद्धे खेळण्याची आस असलेल्यांना वॉटर्लूचे सैनिक मिळायला १९७० च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. त्याआधी काय करावे? अमेरिकन यादवी युद्धाच्या पेट्या मिळत होत्या. मग त्या अमेरिकन शिपायांच्या टोप्या कापल्या गेल्या, कोटांना शेपटे जोडली गेली, आणि गेटिसबर्गची माणसे वॉटर्लूच्या मैदानात उतरली.

पॉलिथिन ही मोठी हट्टी वस्तू. तिला डिंक चिकटत नाही आणि रंगही टिकत नाही. वाळला की पापुद्रे सुटतात. म्हणून टाचणी मेणबत्तीवर तापवायची, धडात घुसवायची, तिच्यावर डोके रोवायचे. आगकाडीची जागा टाचणीने घेतली, तत्त्व तेच. याच सुमारास पॅरिसच्या ‘हिस्टोरेक्स’ने नेपोलियनकालीन सैनिकांचे कठीण पॉलिस्टायरीनचे संच काढले. त्यांचे हात, डोकी, शिरस्त्राणे, खोगिरे सुटी विकत मिळत. पॉलिस्टायरीन डिंकाने विरघळून एकजीव होते, त्यामुळे हिस्टोरेक्सच्या सुट्या भागांतून कुणी काय घडवावे याला सीमाच उरली नाही. शिकागोचे शेपर्ड पेन यांच्यासारख्यांनी या साहित्यातून पेटीत बसवलेली, आतून उजळलेली छोटी दृश्ये उभी केली. ती पाहताना आपण खेळणे पाहत आहोत याचा विसर पडतो.

आतापर्यंत कन्व्हर्जनचा ओढा इतिहासाकडे होता. जे घडले, पण पेटीत नाही, ते घडवायचे. १९७० च्या दशकात अमेरिकेत या प्रवाहाला अनपेक्षित वळण मिळाले. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावी गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सवंगडी मध्ययुगीन लढाया खेळत. १९७१ साली त्यांच्या ‘चेनमेल’ या नियमपुस्तिकेला जादूगार, राक्षस आणि ड्रॅगन यांची पुरवणी जोडली गेली. आता अडचण अशी की जे कधी अस्तित्वातच नव्हते, त्याच्या पुतळ्या कोण विकणार? गायगॅक्स यांनी प्लॅस्टिकचा डायनोसॉर कापून-जोडून त्याचा ड्रॅगन केला. हाँगकाँगहून येणाऱ्या स्वस्त, बेढब, कोणत्याच प्राण्याशी न जुळणाऱ्या प्लॅस्टिकच्या जनावरांची पिशवी दुकानात मिळे. तीही कामी आली. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आले, आणि १९७५ च्या त्याच्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत लोखंड खाऊन त्याचा गंज करणारा एक प्राणी अवतरला. त्या ‘रस्ट मॉन्स्टर’चा जन्म याच पिशवीतला. कुणा अज्ञात कारागिराने, कशाचा प्राणी करायचा हे धड न कळता, साचा घडवला. कुणी तरी त्याला नाव, भूक आणि स्वभाव दिला. आणि पुढे नामांकित कंपन्या त्याच प्राण्याच्या ‘अधिकृत’ पुतळ्या विकू लागल्या. मूळ कोणते आणि नक्कल कोणती, याचा निवाडा आता खुशाल करावा.

इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉपची वाटचालही अशीच. १९८७ साली त्यांनी ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा भविष्यकालीन युद्धखेळ आणला, तेव्हा नियम भरपूर होते आणि पुतळ्या थोड्या. म्हणून खेळणाऱ्यांनी आपापली वाहने आपणच घडवावीत, अशी खुद्द कंपनीचीच शिकवण होती. काखेत फिरवायच्या डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा कसा करावा, हे त्या काळच्या कंपनीच्या साहित्यात सचित्र समजावलेले आहे. त्याच वर्षी निघालेल्या ३० अंतराळसैनिकांच्या पेटीत डोकी, हात, पाठीवरचे संच सगळे सुटे होते. रंगकाम आणि घडणीची ‘गोल्डन डेमन’ ही स्पर्धाही १९८७ चीच. एका अख्ख्या पिढीला कंपनीने हाती सुरी दिली आणि ‘कापा’ म्हणून सांगितले.

तेवीस वर्षांनी हीच कंपनी न्यायालयात गेली. टेक्सासमधील ‘चॅप्टरहाउस स्टुडिओज’ ही छोटी संस्था वॉरहॅमरच्या पुतळ्यांना लावता येतील असे सुटे भाग, प्रामुख्याने खांद्यावरची कवचे, डोकी आणि शस्त्रे, ओतून विकत होती. आपल्या खेळातल्या ज्या प्राण्यांची आणि वाहनांची केवळ नावे नियमपुस्तकात होती, पुतळी मात्र बाजारात नव्हती, तेही ती बनवू लागली. २०१० मध्ये गेम्स वर्कशॉपने शिकागोच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. आकाराने नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर मोठमोठे कायदेतज्ज्ञ वाद घालू लागले. सैनिकाच्या डोक्यापेक्षा मोठे, फुगीर खांदाकवच ही स्वतंत्र कलानिर्मिती म्हणावी काय? त्यावर कोरलेला बाण किंवा कवटी कुणाच्या मालकीची? पुस्तकात लिहिलेल्या चार ओळींवरून दुसऱ्याने मूर्ती घडवली, तर ती चोरी की निर्मिती? २०१३ च्या जूनमध्ये ज्युरीने निकाल दिला. कंपनीचे सुमारे एकतृतीयांश दावे मान्य झाले, उरलेले फेटाळले गेले. नुकसानभरपाई ठरली २५ हजार डॉलर. दोन्ही पक्षांनी लढ्यावर जी शक्ती खर्च केली, तिच्यापुढे ही रक्कम चिल्लर होती.

खरा परिणाम निकालपत्राबाहेर झाला. २०१४ पासून ज्या पुतळ्या कंपनी स्वतः विकत नाही, त्यांची नावेच नव्या नियमपुस्तकांतून गळू लागली. ‘इम्पीरियल गार्ड’सारखे सर्वसाधारण नाव जाऊन ‘अ‍ॅस्ट्रा मिलिटारम’ असे लॅटिन वळणाचे, नोंदणीस सोयीचे नाव आले. हे सगळे केवळ त्या एका खटल्यामुळे घडले असे म्हणणे धाडसाचे होईल, पण खेळणाऱ्यांनी तोच संबंध जोडला आणि तो अवास्तव वाटत नाही. पूर्वी पुस्तकात नाव असे आणि पेटीत पुतळी नसे. त्या रिकाम्या जागेत डिओडरंटचा रणगाडा उभा राहत होता. आता ती जागाच बुजवण्यात आली. कंपनीचा पक्ष अगदी पोकळ नव्हता; तिच्या मूर्तिकारांचे श्रम खरे होते. तरीही जिने स्वतः हाती सुरी दिली, तिनेच पुढे सुरीची मर्यादा आखावी, यातला विरोधाभास लपत नाही.

दरम्यान अन्य खेळण्यांतही हाच खेळ पसरला होता. ‘स्टार वॉर्स’च्या १९७८ सालच्या पावणेचार इंची बाहुल्यांची डोकी गरम पाण्यात सैल करून बदलणारे, पडद्यावर क्षणभर दिसलेल्या पात्राची बाहुली घरी घडवणारे, प्लॅस्टिकच्या घोड्यांना नवे केस विणणारे, बाहुल्यांचे चेहरे पुसून पुन्हा रंगवणारे. गंमत म्हणजे खुद्द ‘स्टार वॉर्स’ची अंतराळयाने ज्या प्रतिकृतींतून चित्रित झाली, त्यांचा पृष्ठभाग दुकानात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या प्लॅस्टिक संचांतले तुकडे चिकटवूनच सजवलेला होता. आज त्रिमितीय छपाईमुळे डोके हे संगणकावरची एक फाइल झाले आहे. फेटा बांधलेले, पट्टी बांधलेले, स्त्रीचे, वृद्धाचे. हवे ते उतरवून घ्यावे आणि रात्रीतून छापावे. सूचीत नसलेली माणसे आता हजारोंनी घडत आहेत.

लिलावगृहांत मात्र काळ थांबलेला आहे. तिथे जुन्या ब्रिटन्सच्या पेटीला किंमत येते ती मूळ रंग, मूळ पेटी आणि सैनिकांना पेटीच्या तळाशी बांधून ठेवणारी मूळ दोरी असेल तर; म्हणजे ज्या पेटीशी कुणी कधी खेळलेच नाही, ती सर्वांत मोलाची. पुन्हा रंगवलेला, जोडलेला, पलटण बदललेला सैनिक ‘दुरुस्त’ किंवा ‘फेरफार केलेला’ अशा शेऱ्यासह स्वस्तात जातो. १९३५ नंतरच्या त्या अभ्यासू हौशींनी ग्रंथालयांत बसून घडवलेल्या पलटणींपैकी कित्येकांवर हाच शेरा असतो. काहींनी तर जुन्या सैनिकांवरचा नंतर चढवलेला रंग खरवडून ‘मूळ’ शोधण्याचेही उद्योग केले आहेत. खालून निघाले ते उत्तर लंडनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, नगावर मजुरी घेणाऱ्या बाईचे ब्रशकाम.

पारखी माणूस सैनिक हातात घेतो, भिंगाखाली धरतो आणि अलगद त्याचे डोके हलवून पाहतो. ते किंचित फिरले, की आत काडी आहे हे त्याला समजते. तो पेन्सिलीने दोन अक्षरे लिहितो आणि सैनिक दुसऱ्या खोक्यात ठेवतो. त्या खोक्यात बहुतेक वेळा लाल अंगरख्यावर भलत्याच पलटणीची डोकी असलेली, नागरी टोपी घातलेली, बंदूक कापून हातात तारेची काठी दिलेली माणसे उभी असतात. त्यांतली एकही कोणत्याच सूचीत सापडत नाही.